उजनीच्या पाण्यावरील एक पहाट

पहाटेचे पाच वाजले होते. पौषातील थंडीने बोटे आखडली होती, आणि समोर पसरलेल्या पाण्याचा दुसरा काठ कोठे आहे हे काही केल्या दिसत नव्हते. काठाला एक लहानशी होडी बांधलेली होती. पाणी उपसण्याचे डबडे, दोन वल्ही आणि एक रिकामी पाटी एवढेच काय ते तिच्यातील सामान. "बसा गुरुजी, मधी बसा. काठाला टेकू नगा," असे म्हणत वृद्ध नावाड्याने मला हात दिला. सारी वस्ती त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो होतो. त्यांचा नातू सातवीत शिकत होता. त्याने तरंगते नारिंगी जाकीट अंगात घातले, तसलेच दुसरे माझ्यापुढे धरले, आणि दोरी सोडून तो चपळाईने होडीच्या टोकाशी जाऊन बसला. शाळा भरण्यापूर्वी त्याला परत यायचे होते.

हे पाणी म्हणजे उजनी धरणाचा जलाशय होय. भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावते, आग्नेय दिशेस वाहत जाते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढे कृष्णेस मिळते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, उजनी गावाजवळ, या नदीवर सुमारे अडीच किलोमीटर लांबीचे धरण बांधण्यात आले. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्यामागे जो प्रचंड जलाशय निर्माण झाला, त्यास यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून यशवंतसागर असे म्हणतात. माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड अशा कितीतरी तालुक्यांच्या शिवारांत या सागराचे हातपाय पसरलेले आहेत. आम्ही होतो ते ठिकाण इंदापूर तालुक्यात, पळसदेव गावापासून थोड्या अंतरावर होते.

आबा वल्ही मारीत होते. काही वेळाने ते म्हणाले, "आता आपण पाटलाच्या मळ्यावर आलो." मी इकडेतिकडे पाहिले. चहूकडे पाणीच पाणी! तेव्हा नातू हसून म्हणाला, "खाली हाय मळा, गुरुजी."

आबांचे लहानपण या पाण्याखाली आहे. धरण भरू लागले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. त्यांचे वडील शेतकरी. जमीन गेली, घर गेले, गाव उठून वर माळावर गेले. जुन्या पळसदेव गावातील पळसनाथाचे दगडी देऊळ तेवढे जागच्या जागी राहिले. देव नव्या गावात नेण्यात आला. एखाद्या वर्षी पाणी फारच खाली गेले की त्या देवळाचे शिखर व पुढे सारे देऊळ उघडे पडते, आणि लोक दुरून ते पाहावयास येतात. नांगर धरणाऱ्या हातांत जाळे आले ते या काळात. जाळे कसे विणावे, कोठे टाकावे, हे आबा भोई लोकांकडून शिकले. नदीवरील मासेमारी हा भोयांचा पिढीजात व्यवसाय; परंतु नदीवर मासे धरणे निराळे आणि समुद्रासारख्या पसरलेल्या पाण्यावर धरणे निराळे. ते दोघांनाही नव्यानेच शिकावे लागले.

मात्र एका गोष्टीत आबांचे शेतकरीपण उपयोगी पडले. पाण्याखालची जमीन त्यांना तोंडपाठ आहे. ओढा कोठून वाहत होता, बांध कोठे होता, विहीर कोठे होती हे त्यांना ठाऊक आहे. विहिरीच्या काठात किंवा बुडालेल्या बाभळीच्या खोडात जाळे अडकले तर ते फाटल्यावाचून निघत नाही. उलट, जुन्या ओढ्याच्या घळीत उन्हाळ्यातही खोल आणि थंड पाणी राहते, आणि तेथे मोठे मासे सापडतात. पाण्यावर एकही खूण नसताना आबा दूरच्या एका टेकडीकडे, मग मागच्या एका झाडाकडे पाहत आणि होडी नेमकी वळवीत. शेजारच्या शेतात जावे इतक्या सहजपणे ते या अथांग पाण्यात फिरत होते.

तांबडे फुटले तसे पाण्यावर एका ओळीत तरंगणारे पांढरे ठिपके दिसू लागले. ते थर्माकोलचे तुकडे होते. आदल्या सायंकाळी लावलेल्या जाळ्याची ती वरची कड. खालच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात. त्यामुळे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. हे जाळे ओढावयाचे नसते, फेकावयाचेही नसते. ते रात्रभर नुसते उभे असते. अंधारात माशाला त्याचा बारीक धागा दिसत नाही. तो पुढे येतो, त्याचे डोके जाळ्याच्या एका घरातून आरपार जाते, पण जाड अंग जात नाही. मग तो मागे फिरू पाहतो, तोच धागा त्याच्या कल्ल्यांच्या झाकणात अडकतो. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही.

मुलांनो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. जाळ्यातील घराला मच्छीमार डोळा म्हणतात. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत त्यालाच आस म्हटलेले असते. डोळ्यापेक्षा लहान मासा आरपार निघून जातो. फार मोठा मासा जाळ्याला धडकून परत फिरतो. मधल्या मापाचा तेवढा सापडतो. म्हणजे कोणता मासा धरावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे पाण्यावर ठरत नाही. घरी जाळे विणताना किंवा दुकानात ते विकत घेताना ठरते.

आबांनी जाळे होडीत ओढावयास प्रारंभ केला. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत; ती भिजून कुजत, म्हणून त्यांना वरचेवर वाळवावे व डागडुजी करावी लागे. आता तंगूस आला आहे. हा नायलॉनचा पारदर्शक धागा कुजत नाही आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य होतो. मच्छीमाराचे कष्ट त्याने कमी केले यात शंका नाही. परंतु वाऱ्याने तुटून वाहून गेलेले तंगुसाचे जाळेही कुजत नाही. तळाशी पडून ते वर्षानुवर्षे मासे अडकवीत राहते, आणि ते मासे कोणाच्याच पोटात जात नाहीत.

पहिल्या पंधरा-वीस हातांत एकाच जातीचे मासे निघाले. करडे, चपटे, पाठीवर काटेरी पर असलेले. "चिलापी," नातू म्हणाला, आणि बोटांना काटा लागू न देता तो एकेक मासा सोडवून पाटीत टाकू लागला. मग एक रोहू निघाला. बराच वेळ पुन्हा चिलापीच. आणि शेवटी, जाळ्याला मोठा हिसका देत, रुंद डोक्याचा, चांदीसारखा चकाकणारा एक कटला वर आला. तीन किलोंचा तरी असावा. आबांचा चेहरा उजळला. "ह्यो खरा पाव्हना," ते म्हणाले.

पाहुणा हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण तो अगदी खरा आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडे एकमेकांस अडचण न करता राहावीत तसे ते राहतात. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते; तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या पाण्यात वावरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तळाच्या चिखलातील कुजके पदार्थ हे त्याचे अन्न. त्यामुळे मोठ्या जलाशयात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात.

सोडतात असे मी म्हटले. हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पुष्ट होतात, माद्यांच्या पोटात लक्षावधी अंडी धरतात. पण ती घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील पूर हवा असतो. नदीचे पाणी चढावे, गढूळ व्हावे, काठावरच्या उथळ जागी पसरावे, तेव्हाच ते अंडी घालतात. म्हणून पूर्वी ज्यांना तलावात मासे वाढवावयाचे असत, ते गंगेसारख्या नद्यांच्या पुरातून माशांची पिले गाळून आणीत. मातीच्या हंड्यांत भरून ती आगगाडीने दूरदूर पाठवीत. वाटेत कित्येक मरत. आणि जी जगत, त्यांत दुसऱ्या माशांना खाणाऱ्या जातींची पिलेही मिसळलेली असत. बाजरी म्हणून पेरावे आणि निम्मे गवत उगवावे, तशी गत!

ही अडचण हिरालाल चौधुरी या भारतीय शास्त्रज्ञाने सोडविली. माशाच्या मेंदूखाली पीयूषिका नावाची एक चिमुकली ग्रंथी असते. एका माशाची ही ग्रंथी काढून, तिचा अर्क करून, तो अंडी धरलेल्या दुसऱ्या माशाला टोचला, तर पुराची वाट न पाहता तो मासा अंडी घालील काय, असा त्यांचा प्रश्न होता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे या प्रयोगाला यश आले. बंदिस्त पाण्यातील माशांनी अंडी घातली, आणि ती फळली. तो दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्या ताटात पडणाऱ्या बहुतेक साऱ्या रोहू-कटल्यांचा जन्म या एका प्रयोगाशी जोडलेला आहे.

मत्स्यबीज केंद्रात अंड्यांतून बाहेर आलेली पिले इतकी बारीक असतात की त्यांना जिरे असेच म्हणतात. हौदात आणि लहान तळ्यांत ती वाढवितात. ती हाताच्या बोटाएवढी झाली म्हणजे त्यांना बोटुकली हे गोड नाव मिळते. एवढी झाल्यावरच त्यांना मोठ्या जलाशयात सोडणे योग्य असते. कारण त्याहून लहान पिले सोडली तर मरळ, शिंगाडा, वाम यांसारखे मांसाहारी मासे त्यांचा चट्टामट्टा करतात.

आता चिलापीचे पाहा. या माशाला ना पूर लागतो, ना पीयूषिकेचा अर्क. तो मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. लोकांना स्वस्त मासळी मिळावी हा हेतू चांगलाच होता. चिलापीची मादी आपली अंडी तोंडात धरून उबविते, आणि पिले बाहेर आल्यावरही संकट दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. तिची अंडी रोहूच्या मानाने फारच थोडी असतात. पण त्यांतील पुष्कळ पिले जगतात, आणि वर्षातून अनेकदा हे चक्र चालते. गर्दी झाली म्हणजे मासे वाढत नाहीत, लहान असतानाच अंडी घालू लागतात. उजनीत आज चिलापी सर्वत्र आहे. कोणी तिला शिव्या देतात. परंतु मी पाहिलेल्या पाटीत दहांपैकी आठ मासे चिलापीचे होते, आणि त्या घरची चूल त्यांच्यावरच पेटत होती, हेही सांगितले पाहिजे.

चिलापी फोफावण्याचे आणखी एक कारण पाण्यातच आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या मोठ्या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून व भीमेतून वाहत अखेर येथे येऊन साचते. त्यातील खतामुळे शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते खरे, पण रात्री स्वतःच तो वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी नाजूक मासे वर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. चिलापी काटक आहे. ती हे सहन करते.

उजाडले. दूर उथळ पाण्यात गुलाबी-पांढऱ्या रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. हे उंच पायांचे पक्षी हिवाळ्यात भिगवणच्या परिसरात येतात. ते मच्छीमाराचे मासे खातात असा कित्येकांचा समज आहे. तसे नाही. रोहित आपली वाकडी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील शेवाळ व बारीक जीव खातो. मासे खाणारा पाणकावळा. तो आमच्या जाळ्यापासून दहा हातांवर बुडी मारीत होता, आणि आबा त्याच्याकडे एखाद्या नाठाळ शेजाऱ्याकडे पाहावे तसे पाहत होते.

मी त्यांना विचारले, "आबा, उन्हाळ्यात कालवे चालू झाले आणि धरण आटले, म्हणजे मासे काय करतात?"

"धरण आटतं कुठं, गुरुजी? उणं व्हतं, उणं!" ते म्हणाले.

हे उणे काय ते सांगतो. यशवंतसागर काठोकाठ भरला म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. कालव्यांची तोंडे धरणाच्या तळाशी नसून बरीच वर आहेत. त्यामुळे पाणी त्या तोंडांच्या खाली गेले की ते कालव्यांतून वाहत नाही. असे खाली राहणारे पाणी सुमारे ६३ अब्ज घनफूट, म्हणजे एकूण साठ्याच्या निम्म्याहून अधिक आहे. त्याला मृत साठा म्हणतात. पाणी या रेषेच्या खाली गेले की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' अशी बातमी येते, आणि सोलापूर जिल्ह्यातील ऊसवाल्यांच्या तोंडचे पाणी पळते. पण शेतकरी ज्याला मृत म्हणतो, त्याच पाण्यात मासे जगतात! दुष्काळाच्या वर्षीही या जलाशयात मासे टिकून राहतात याचे कारण हेच. उघड्या पडलेल्या काठावर लोक गाळपेर करतात. जेथे पावसाळ्यात होडी चालत होती, तेथे उन्हाळ्यात पिके डोलतात. पाणी मात्र आक्रसलेले असते, मासे दाटीवाटीने असतात, आणि मग त्यांना धरणे फार सोपे होऊन बसते. नेमके तेव्हाच हात आवरावा लागतो.

उन्हाळ्याची दुसरी भीती वाऱ्याची. वळवाच्या आधी एकाएकी सुटणारा वारा या उघड्या पाण्यावर मोठाल्या लाटा उठवितो. मे २०२४ मध्ये करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी एक प्रवासी होडी अशाच वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. नातवाने माझ्यापुढे जाकीट धरले तेव्हा आबांनी मला ते घालावयास का लावले, हे मला ही हकीकत ऐकल्यावर कळले.

आम्ही काठाला लागलो तेव्हा दुसरी एक होडीही नुकतीच आली होती. तिच्यात काठोकाठ भरलेल्या तीन पाट्या होत्या. मी कुतूहलाने डोकावलो. सारी मासळी बोटाएवढी! चिलापीच्या पिलांत कटल्याची, रोहूची, मृगळाची पिले मिसळली होती. बारीक डोळ्यांच्या ओढजाळ्याने ती धरली होती. अशा जाळ्याला तिकडे वडाप म्हणतात. त्यास बंदी आहे, तरी ते चोरून चालते. काठाजवळच्या उथळ पाण्यातून वडाप ओढले की मुंगीएवढे पिलूही मागे राहत नाही. हा माल कवडीमोलाने जातो. बहुधा वाळविण्यासाठी, नाहीतर खाद्यासाठी.

नातू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, आमच्यापेक्षा जास्त पैसं मिळणार त्यांना आज."

मी त्याला जमिनीवर काडीने हिशेब मांडून दाखविला. वीस ग्रॅमचे एक पिलू; पन्नास पिलांचा एक किलो. चांगल्या पाण्यात कटला वर्षभरात सुमारे किलोभर वाढू शकतो. पन्नासांतील निम्मी पिले मेली असे धरले तरी पुढील वर्षी पंचवीस किलो मासळी हाती लागावी. आज एक किलो की वर्षाने पंचवीस? शिवाय रोहू-कटल्याला अंडी धरण्याइतके मोठे व्हावयास दोन-तीन वर्षे लागतात.

नातवाने हिशेब नीट पाहिला. तो हुशार मुलगा आहे. मग तो म्हणाला, "पण गुरुजी, आपण सोडला तर दुसरा धरंल की. मग पंचवीस किलो कुणाचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आबांकडे पाहिले. ते जाळे झटकून काठीवर वाळत घालीत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्याचं खरं हाय. शेताला बांध असतो, पाण्याला नसतो. सगळ्यांनी मिळून ठरवल्याबिगर व्हायचं न्हाई. मागं एकदा वस्तीत बसून ठरलं व्हतं, की वडाप घालायचं न्हाई. एक पावसाळा पाळलं समद्यांनी." पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्या तीन पाट्या समोर असताना मीही विचारले नाही.

भिगवणचा मासळी बाजार सकाळीच भरतो. तेथे टेम्पो, बर्फाच्या लाद्या, तराजू आणि लिलावाची आरोळी यांचा एकच कल्लोळ असतो. आबांची चिलापी एका ढिगात गेली. कटल्यासाठी मात्र दोघा व्यापाऱ्यांत चढाओढ लागली. पैसे मोजून घेऊन आबांनी ते कमरेच्या पिशवीत ठेवले. बर्फात दाबलेला तो पाहुणा टेम्पोत चढला आणि कोणत्या तरी शहराकडे निघून गेला.

परत येताना मी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर मी काही नावे उतरवून घेतली होती. इंग्रजी अमदानीत विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी दक्षिणेत होता. त्याला प्राणी आणि पक्षी यांच्या अभ्यासाची मोठी आवड. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतील माशांचे वर्णन त्याने १८३९ साली विद्वानांपुढे मांडले, आणि ज्या माशांना तोवर शास्त्रात नाव नव्हते त्यांना येथलीच मराठी नावे दिली. ती त्याने नदीकाठच्या लोकांनाच विचारली असणार, दुसऱ्या कोणाला? अशा रीतीने मच्छीमारांच्या तोंडचे शब्द लॅटिन नावांच्या रांगेत जाऊन बसले. आज जगातील कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ, मग तो जपानी असो की जर्मन, या माशांविषयी बोलताना नकळत मराठी बोलतो.

मी एकेक नाव वाचू लागलो. "शिंगटी."

"हाय की," आबा म्हणाले. "मिशावाला. काटा लई वाईट लागतो."

"टाकरी."

"असती. कमी झाली."

"कोळीस."

"पूर्वी लई. आता एखादा घावतो."

"खुद्री."

आबा थांबले. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता. मोठमोठ्या सोनेरी खवल्यांचा हा देखणा मासा वाहत्या, स्वच्छ पाण्याचा रहिवासी. अंडी घालण्यासाठी त्याला गोट्यांच्या तळाचे झुळझुळते पाणी लागते. ते शोधीत तो प्रवाहाविरुद्ध वर जातो. धरणाची भिंत त्याला चढून जाता येत नाही, आणि साचलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसून गोटे झाकले जातात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या धरणाकाठी १९७० नंतर या माशाची पैदास करण्याचे काम सुरू झाले. तेथे वाढविलेली लाखो पिले निरनिराळ्या नद्या-तलावांत सोडण्यात आली आहेत.

"आबा, कसा असतो ह्यो मासा?" नातवाने विचारले. "मी तर कधीच न्हाई पाहिला."

आबांनी वल्ही होडीत आडवी ठेवली. मग दोन्ही हात पसरून ते खांद्याएवढे रुंद केले, जरा विचार केला, आणि आणखी वीतभर लांब नेले. "धरण भरायच्या आधी," ते म्हणाले, "माझ्या बानं भीमेच्या डोहात धरला व्हता. एवढा. खवला एक-एक रुपयाएवढा. मी तुझ्याएवढा व्हतो तवा."

नातू त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत राहिला. मग शाळेची वेळ झाल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने स्वतःच वल्ही उचलली.